घराचाही चार्ज द्यायचा असतो

तू कळवलंस ते थोडक्यात असं: बटालियन संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर वर्षभरासाठी दक्षिण सुदानला निघाली आहे. दिल्लीचं ट्रेनिंग झालं, आता बारा दिवसांची सुट्टी, मग परत दिल्ली आणि मे महिन्याच्या सुरुवातीला विमान. घरी आई, बायको, सात वर्षांची मुलगी आणि दहा महिन्यांचा मुलगा. गाव सातारा जिल्ह्यात, थोडी शेती आहे, ती धाकटा भाऊ बघतो. देशाबाहेर पहिल्यांदाच चालला आहेस. आणि विचारलंस, "साहेब, शेवटच्या दिवसांत काय काय करून ठेवू? सामानाची यादी मिळेल का?"

यादी देतो, पण शेवटी. सामान क्यूएम (पलटणीच्या साठ्याचा अधिकारी) बघून घेतो, हवालदार मेजर तीनदा उघडून तपासतो. घराकडे बघायला तुझ्याशिवाय कुणी नाही.

मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकाची निळी टोपी दोनदा घातली, पहिल्यांदा काँगोत गोमा शहराजवळ आणि दुसऱ्यांदा तू चालला आहेस त्याच दक्षिण सुदानमध्ये. दुसऱ्या खेपेला मी कंपनीचा सीनियर जेसीओ, म्हणजे सुभेदार-नायब सुभेदारांत सगळ्यात वरचा, होतो. निघण्याआधी शंभरावर पोरांचे कागद माझ्या हाताखालून गेले आणि पुढे वर्षभर त्यांच्या घरच्या अडचणीही माझ्याच तंबूत आल्या. त्या अडचणींपैकी बहुतेक सुट्टीतल्या अर्ध्या दिवसात मिटण्यासारख्या होत्या. तिकडून मिटवायला महिने लागले.

आपण पलटणीत चार्ज कसा देतो ते आठव. कोतमधल्या, म्हणजे शस्त्रांच्या खोलीतल्या, एकेका रायफलचा नंबर वाचून घेतो, लंगरातली, म्हणजे स्वयंपाकघरातली, पातेली मोजतो, कमी-जास्त लिहितो, दोघं सही करतात. एका स्टोअरचं हँडिंग-टेकिंग चार-चार दिवस चालतं. आणि घराचा चार्ज? तो आपण सातारा स्टेशनवर गाडी हलताना खिडकीतून देतो. "गॅसचं पुस्तक कपाटात आहे, भाऊला विचार, पैसे टाकतो." मी स्वतः पहिल्या खेपेला असाच निघालो होतो. पगाराचं खातं एकट्याच्या नावावर होतं. तिसऱ्या महिन्यात वडिलांना पुण्याला दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा खात्यात पैसे असून बायकोला एक रुपया काढता आला नाही. बँकेतल्या माणसाने नियमच सांगितला, त्याचं चुकलं नव्हतं. तिने स्वतःच्या पाटल्या गहाण टाकल्या आणि मला ते कळलं सुट्टीवर आल्यावर, तिच्या रिकाम्या मनगटांकडे बघून. म्हणून हे एवढं कळकळीने लिहितोय.

पहिले चार दिवस कागदांचे. आधी पाहुणे, मग कागद असं केलंस की मध्ये शनिवार-रविवार येतो, बँक बंद असते आणि सुट्टी संपते. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी सूनबाईला घेऊन बँकेत जा. खातं दोघांच्या नावावर कर, दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकेल असं. तिचं एटीएम कार्ड वेगळं हवं, तुझं कार्ड तिच्याकडे ठेवून जाणं नको. मग तिला मशीनपाशी एकटीला उभं कर आणि पैसे काढायला लाव. तू बाहेर थांब. तिला येतं असं तू गृहीत धरणं आणि तिने तुझ्या देखत करून दाखवणं यात फरक आहे.

आता मोबाइलचं. हे आमच्या वेळी नव्हतं आणि आज सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकतात. आधार, बँक, गॅस, सगळ्याला तुझा नंबर जोडलेला आहे. तू ते सिम खिशात घालून दक्षिण सुदानात मलाकालला गेलास की इकडे प्रत्येक ओटीपी तुझ्या खिशात पडणार, आणि तिथे रेंज नसली तर तोही पडणार नाही. सिम घरी, एका जुन्या साध्या फोनमध्ये घालून सूनबाईकडे ठेव. वर्षभराचा रिचार्ज मार. तीन महिने सिम वापरात नसलं आणि त्यात पैसे नसले तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि मग तो परत मिळवायला तुझी स्वतःची हजेरी लागते. तुझ्या फोनवरचं व्हॉट्सॲप सिमशिवाय त्याच नंबरावर चालतं का ते निघण्याआधी बघून घे, आणि फोन बदलला तर पडताळणीचा कोड घरच्या सिमवर येईल, तो तिच्याकडून विचारून घ्यायचा. तिच्या नावाचं यूपीआय तिच्या स्वतःच्या नंबरावर चालू करून दे. आणि तिच्या मनात एक गोष्ट ठसव: ओटीपी फोनवरून मागणारा माणूस बँकेचा नसतो, रेकॉर्ड ऑफिसचा नसतो, हेडक्वार्टरचाही नसतो. नवरा परदेशात आहे हे कळलं की असे फोन वाढतात. "तुमच्या मिस्टरांचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, इतके भरा" हा त्यातला नेहमीचा. तू कोणतंही पार्सल पाठवणार नाहीस असं तिला आत्ताच सांगून ठेव.

पलटणीकडचे कागद तू म्हणतोस तसे "बहुतेक पूर्ण" असतील. बहुतेक म्हणजे काय ते क्लार्ककडे बसून बघ. लेकाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवेच्या नोंदीतला अधिकृत कागद, छापून आली का? दहा महिन्यांचा आहे म्हणजे राहिली असण्याची शक्यता बरीच. ती नसेल तर सरकारदरबारी तुला एकच मूल आहे. किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे कुटुंबाच्या नोंदीत, आई, बायको, दोन्ही मुलं बरोबर स्पेलिंगने आहेत का, आधारवरचं नाव आणि तिथलं नाव जुळतं का, ग्रुप इन्शुरन्स आणि प्रॉव्हिडंट फंडाला नॉमिनी कोण आहे, हे डोळ्यांनी वाच. माझ्या कंपनीत एका पोराच्या इन्शुरन्सला लग्नाआधीची नोंद तशीच होती, नॉमिनी आई. तिला काही नाकारायचं नव्हतं, पण आई आणि बायकोमध्ये पुढे जे होऊ शकतं ते त्याने आपल्या आळसाने पेरून ठेवलं होतं. बायको-मुलांचे डिपेंडंट कार्ड चालू आहेत का ते बघ आणि तुमच्या भागातून जवळचं लष्करी हॉस्पिटल पुण्याला, खडकीला नाहीतर वानवडीच्या कमांड हॉस्पिटलला, तिथे कार्ड दाखवून एकदा जाऊन ये असं सूनबाईला सांग. पोर आजारी पडल्यावर पहिल्यांदा गेट शोधायला लागू नये.

मृत्युपत्र. हा शब्द काढला की घरात आई पदर डोळ्याला लावते आणि म्हणते, "निघताना असलं अभद्र बोलू नको." मीही दोन दिवस टाळलं होतं. पण ९ एप्रिल २०१३ ला दक्षिण सुदानच्या जोंगलेईमध्ये गुमुरुकजवळ ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला, आपले पाच जवान गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अकोबोचा तळ जमावाने फोडला, आपले दोन जवान तिथे आसरा घेतलेल्या नागरिकांना वाचवताना गेले. १९५० च्या दशकापासून आजवर या मोहिमांवर आपले दीडशेहून अधिक जवान कामी आलेत. हे तुला घाबरवायला सांगत नाही, तू सैनिक आहेस. कागद साधा असतो: स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, स्वच्छ अक्षरात लिहायचं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्यांनीही करायची. ज्यांना त्यातलं काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार घेऊ नकोस, पुढचा वाद टळतो. वडिलोपार्जित जमिनीत फक्त तुझ्या हिश्श्याबद्दल लिहिता येतं हे लक्षात ठेव. आईसमोर लिहायची गरज नाही. साताऱ्याला जाऊन माजी सैनिकांच्या ओळखीच्या एखाद्या वकिलाला दाखव, तासाभराचं काम. पाकीट बंद करून कुठे ठेवलंय ते बायको आणि भाऊ दोघांनाही सांग.

मुखत्यारपत्राबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जमीन विकण्याचे, गहाण टाकण्याचे अधिकार देणारं सर्वसाधारण मुखत्यारपत्र कुणालाही देऊन जाऊ नकोस, सख्ख्या भावालासुद्धा. भावावर अविश्वास म्हणून नाही. तू इथे नसताना त्याच्यावर चारचौघांचा दबाव येऊ शकतो, आणि अधिकारच नसेल तर तो सुखाने "माझ्या हातात नाही" म्हणू शकतो. पीककर्जाचं नूतनीकरण, विजेच्या कनेक्शनचा अर्ज, अशी नेमकी कामं लिहून तेवढ्यापुरतं दे. कोऱ्या चेकवर, कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही. ई-पीक पाहणी भावाला मोबाइलवर करता येते का ते एकदा तुझ्यासमोर बघ. तू असताना ती तू करत असशील तर यंदाचा खरीप आणि पुढचा रब्बी, दोन्ही त्याच्या अंगावर आहेत. सातबाऱ्याची ताजी प्रत काढून फाइलला लाव.

हो, फाइल. एक जाड प्लास्टिकची फाइल आण आणि एक दोनशे पानी वही. फाइलमध्ये सगळ्या कागदांच्या प्रती. वहीत तुझ्या डोक्यात जे जे आहे ते उतरव. मोटारीचा स्टार्टर अडकला की कुणाला बोलवायचं, गाडीचा विमा कधी संपतो, कुणाकडून किती येणं आहे, कुणाचं किती देणं आहे, मुलीच्या शाळेतून वर्षाच्या शेवटी कोणतं बोनाफाइड प्रमाणपत्र आणायचं म्हणजे शिक्षण भत्त्याचा क्लेम होतो. पहिल्या पानावर तुझा आर्मी नंबर, रँक, पूर्ण नाव, युनिट, रिअर पार्टीचा, म्हणजे पलटणीच्या इथे मागे राहणाऱ्या तुकडीचा, फोन, कंपनीच्या एका अशा माणसाचा फोन जो मिशनवर येत नाहीये, आणि साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा फोन. वही लिहून झाली की सूनबाईला वाचायला दे आणि तिला प्रश्न विचारू दे. ती जे विचारेल तेच तुझ्याकडून राहिलेलं असतं. शेवटी दोघांनी सही करा. हसू येईल दोघांनाही, पण करा.

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर. गावात आत्ताच हिशेब चालू झाले असतील, "यूएनला डॉलरमध्ये पगार." २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी एका सैनिकामागे महिन्याला १,४२८ डॉलर असा दर ठरवला होता, आणि लोक तोच आकडा धरून बसतात. तो पैसा आपल्या सरकारला मिळणारा परतावा आहे. तुला तुझा पगार आणि सरकारने ठरवलेला परदेश भत्ता मिळेल, तो चांगला असतो, पण तो हातात पडायच्या आधी त्याच्या जिवावर कर्ज करू नकोस. सुट्टीच्या या बारा दिवसांत नवा ट्रॅक्टर नाही, नवी गाडी नाही, बहिणीच्या दिराला उसने नाहीत. "परत आल्यावर बघू" हे एक वाक्य पाठ कर. घरखर्चाची रक्कम दर महिन्याला ठरलेल्या तारखेला आपोआप तिच्याकडे जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेव.

आता फ्लेक्सचं. तुझे मित्र चौकात फ्लेक्स लावणार, तुझा गणवेशातला फोटो, "दक्षिण सुदान येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन", खाली निघण्याची तारीख. त्यांचं प्रेम खरं आहे. तरी हात जोडून थांबव. युनिटचं नाव, तारीख, विमान, तळ, यातलं काहीही फ्लेक्सवर, स्टेटसवर, रीलमध्ये जाता कामा नये. घरी कर्ता पुरुष वर्षभर नाही हे साऱ्या तालुक्याला का सांगायचं? सत्कार परत आल्यावर घे, तेव्हा मीही येईन.

पाहुण्यांना एक दिवस दे, फक्त एक. सगळ्यांना घरीच बोलाव, सत्यनारायण घाल, जेवण कर, आशीर्वाद घे. कुलदैवताला जाऊन ये, जेजुरी असेल तर सकाळी लवकर निघून संध्याकाळी परत. पण मामाकडे एक रात्र, सासुरवाडीला दोन, आत्याकडे जेवायला, असं फिरत बसलास तर बायकोला तुझ्याशी निवांत बोलायला मिळतं ते फक्त मोटारसायकलवर, वाऱ्यात.

आणि भांडण होईल. हे तुला कुणी सांगितलं नसेल. शेवटच्या आठवड्यात, बहुधा अगदी फालतू कारणावरून, भाजीत मीठ किंवा टॉवेल कुठे ठेवला यावरून. मी हे इतक्या घरांत पाहिलंय की आता मी पोरांना आधीच सांगतो. दोघांचंही मन त्या दिवसांत आपलं आपण मागे सरकायला लागतं, म्हणजे तुटताना कमी दुखेल. तू गप्प होशील, डोक्यात दिल्ली आणि किट फिरत राहील. ती म्हणेल, "तुम्ही तर आत्ताच गेल्यासारखे वागताय." ती खरंच बोलत असेल. तेव्हा चिडू नकोस, उठून बाहेर जाऊ नकोस, बस तिच्याजवळ. म्हण की मलाही जड जातंय. आपल्याकडे पुरुषाला हे वाक्य शिकवत नाहीत, पण वर्षभर तिला तेच पुरतं.

मुलीला खरं सांग. "बाबा दोन दिवसांत येतो" असं सांगून निघालास तर ती तिसऱ्या दिवसापासून दारात बसेल आणि पुढे तुझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही. सात वर्षांचं पोर नकाशा समजू शकतं. भिंतीला जगाचा नकाशा लाव, सातारा आणि दक्षिण सुदानची राजधानी जुबा, दोन्हींवर टिकली लाव, मध्ये समुद्र आहे ते दाखव. सांग की तिकडे लोकांची आपसात भांडणं झाली, घरं सोडून माणसं छावणीत राहायला आली, त्यांच्याकडे कुणी वाईट नजरेने बघू नये म्हणून बाबा तिथे उभा राहणार. तिकडच्या दिन्का आणि नुएर लोकांचा सगळा जीव गुरांत असतो, इतकी मोठी शिंगं असलेले बैल तिने कधी पाहिले नसतील. तिथे आपले पशुवैद्यकीय डॉक्टर लोकांच्या गुरांवर उपचार करतात हेही सांग, शेतकऱ्याच्या पोरीला हे कळतं. तुझ्या आवाजात दहा-बारा गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव, रात्री झोपताना लावायला. धाकट्यासाठीही तोच आवाज. तो आज दहा महिन्यांचा आहे. तू परत येशील तेव्हा पळत असेल आणि तुझ्याकडे येताना रडेल, आईच्या मागे लपेल. काळजाला लागतं ते. आठवडा-दोन आठवडे लागतात, त्याला ओढून कडेवर घेऊ नकोस.

आईचं वेगळं. तिला सगळं समजावत बसू नकोस. तिच्या गोळ्या कोणत्या, कधी, कोण आणणार, एवढं पक्कं कर आणि रोज संध्याकाळी अर्धा तास नुसता तिच्याजवळ बसत जा.

फोनची वेळ आत्ताच ठरव. दक्षिण सुदान आपल्या साडेतीन तास मागे आहे. तू रात्री आठला मोकळा होऊन फोन लावलास तर घरी साडेअकरा वाजलेले असतात, पोरं झोपलेली, आणि एवढ्या रात्री फोन वाजला की आईच्या पोटात गोळा येतो. तुझ्या पाचला इकडे साडेआठ, ती वेळ बरी. पण "रोज करतो" असं वचन देऊ नकोस. आठवड्यातून दोन वार ठरव, जास्त जमले तर आनंद. गस्तीवर असशील, वादळात नेट जाईल, आणि तळावर किंवा जवळपास काही घडलं तर नेट मुद्दाम बंद करतात, ज्याच्या घरी कळवायचं त्याच्या घरी आधी रीतसर कळावं म्हणून. हे सूनबाईला नीट समजावून सांग. फोन नाही याचा अर्थ फक्त फोन नाही एवढाच. टीव्हीवर "सुदान" शब्द आला की तो दक्षिण सुदानच असतो असंही नाही, ते दोन वेगळे देश आहेत, २०११ च्या जुलैपासून. खरी बातमी रिअरकडून, रीतसर येते. व्हॉट्सॲप ग्रुपवरची कोणतीही यादी, कोणताही फोटो खरा धरायचा नाही.

आणि उलट बाजूने, तुला काय कळवायचं तेही ठरवा. माझ्या वडिलांना दवाखान्यात ठेवल्याचं घरच्यांनी अकरा दिवस लपवलं, "तिकडे काळजी करेल" म्हणून. मला ते शेजारच्या गावच्या एका पोराच्या फोनवरून कळलं. त्यानंतर घरचे "सगळं ठीक आहे" म्हणाले की मला झोप लागायची नाही, ठीक असलं तरी. आम्ही दुसऱ्या खेपेला नियम केला: दवाखान्यात रात्र काढावी लागली तर त्याच दिवशी कळवायचं. बाकी ताप-सर्दी, शेजाऱ्याशी बांधावरून कुरबूर, हे नाही. तुम्ही तुमची रेघ ओढा, पण ओढा.

आता तुझ्या अंगाचं. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी झालेली लागते, तुझी झालीच असेल. तिचं पिवळं कार्ड आता जन्मभर चालतं, पण ते जपून ठेव. ते नसलं तर परतताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात, आणि वर्षानंतर घर समोर असताना ते सहा दिवस फार लांब असतात. मलेरियाची गोळी कोणती ते आरएमओ साहेब, म्हणजे पलटणीचे डॉक्टर, ठरवतील. आठवड्याची असेल किंवा रोजची असेल, ती न चुकता, आणि परत आल्यावरही त्यांनी सांगितलेले आठवडे पूर्ण. पोरं तिथे वर्षभर खातात आणि घरी आल्यावर लगेच सोडतात. तिकडचा मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीचा, डोक्यात जातो, माणूस दोन-तीन दिवसांत हातचा जातो. परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तर गावच्या डॉक्टरला पहिलं वाक्य "मी आफ्रिकेतून आलोय" हे सांगायचं, आणि हे घरच्यांनाही माहीत हवं. दात या सुट्टीतच दाखवून घे. दाढ दुखायला लागली की काय होतं ते मी अकोबोच्या वाटेवर एका जवानाच्या चेहऱ्यावर पाहिलंय, हेलिकॉप्टरची वाट बघत.

सामान. वजनाची मर्यादा युनिटच्या ऑर्डरमध्ये असते, तीच धरून ट्रंक घरीच काट्यावर चढव. तू मे महिन्यात पोचतोयस म्हणजे पाऊस तुझ्यासोबतच उतरणार, तो ऑक्टोबरपर्यंत हटत नाही. तिथली माती आपल्या काळ्या रानासारखीच, त्याच जातीची. श्रावणात काळ्या रानातून चप्पल घालून चालल्यावर पायाला किती किलो चिकटते ते तुला माहीत आहे, तिथे ट्रकच्या चाकांना तसं होतं. महिनोन्महिने रस्ते बंद असतात, सगळं हेलिकॉप्टरने नाहीतर नाईल नदीतल्या बार्जवरून येतं. म्हणून जे लागेल ते सोबत: पायाच्या बोटांसाठी पावडर, जास्तीचे सुती मोजे, जास्तीची बनियन, पूर्ण बाह्यांचे दोन हलके शर्ट, चष्मा असेल तर दोन जोड, नेहमीची औषधं चिठ्ठीसह, चांगली टॉर्च, सुई-दोरा, चार्जर दोन. निळी टोपी, मच्छरदाणी वगैरे इश्यू होतं. रेशन भरपूर असतं, लंगर आपलाच असतो, पण चौथ्या महिन्यात जिभेला घरची आठवण होते, तेव्हा आईच्या हातची शेंगदाण्याची सुकी चटणी आणि काळा मसाला, घट्ट बांधून. लोणच्याची बरणी नको, ती फुटते आणि गणवेश जन्मभर तेलकट राहतो. घरच्यांचा एक फोटो मोबाइलमध्ये नको, कागदावर काढून पाकिटात ठेव.

काम करताना तुला जे जमवावं लागेल त्यातलं एक आत्ताच सांगतो, कारण त्याची तयारी इथूनच होते. तू काश्मीर खोऱ्यात काम केलं आहेस, तिथे समोरचा कोण ते ठरलेलं होतं. दक्षिण सुदानमध्ये गावात शिरताना दोन्हीकडचे लोक तुला आपला माणूस समजायला हवेत. बळ कधी वापरायचं याचं कार्ड तुला दिलेलं आहे, ते ट्रंकेत टाकू नकोस, पाठ कर, झोपेत विचारलं तरी यायला हवं. नागरिकांचा जीव वाचवताना ते तुला अडवत नाही, हेही त्यात वाच. आणि बायका-मुलींच्या बाबतीत संयुक्त राष्ट्रांचे नियम २००३ पासून लिखित आहेत: पैसे, अन्न, नोकरी, कशाच्याही बदल्यात शरीरसंबंध बंद, अठरा वर्षांखालील कुणाशीही बंद, "तिचं वय माहीत नव्हतं" ही सबब चालत नाही. छावणीत भुकेलेली माणसं आहेत आणि तुझ्या हातात बिस्किटाचा पुडा आहे, ही फार मोठी सत्ता असते. तिथे तुझं वागणं म्हणजे तुझ्या मुलीला नकाशावर दाखवलेली ती टिकली. "सलाम", "शुक्रन" आणि पाण्याला "मोया", हे तीन शब्द उतरल्या उतरल्या उपयोगी पडतील.

शेवटचे दोन दिवस काहीही ठेवू नकोस. ट्रंक आदल्या दिवशी दुपारीच बंद कर आणि परत उघडू नकोस. निघायच्या सकाळी सगळं गाव एसटी स्टँडवर आणू नकोस, निरोप उंबऱ्यात घे. भावाला फक्त सोबत ने. सूनबाई ओवाळेल, आई हातावर दही ठेवेल, मुलीच्या हातात कॅलेंडर दे, आजचं पान तिने फाडायचं आणि रोज एक फाडायचं हे तिचं काम. कुणी रडलं तर रडू दे, "रडू नका" म्हणू नकोस. आपल्याकडे म्हणतात तसं, "येतो" म्हण आणि नीघ. दिल्लीला पोचलास की पहिला फोन त्या जुन्या फोनवरच्या तुझ्या नंबरावर कर. तो लागतो का, वाजतो का, सूनबाई उचलते का, ते विमानात बसायच्या आधी कळायला हवं.